कंदिलाचे बाबासाहेब सांगता, विजेचे बाबासाहेब का सांगत नाही?

मागच्या जयंतीला आमच्या गावच्या विहारासमोर कार्यक्रम होता. पाहुणे म्हणून आपल्याच समाजातले एक निवृत्त अधिकारी आले होते. आम्ही त्यांच्यापुढे एक साधा विषय मांडला. विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी वीज नसते, चार जुने लॅपटॉप आहेत, सोलरची बॅटरी मेली आहे, नवी घ्यायला मदत करा. साहेब हसले आणि माइकवरूनच म्हणाले, "बाबासाहेब रॉकेलच्या दिव्यावर शिकले. आणि तुम्हाला लॅपटॉपला लाईट पाहिजे! जिद्द पाहिजे पोरांनो, जिद्द!" टाळ्या पडल्या. आमच्या पोरांनीही वाजवल्या.

हा लेख त्या टाळ्यांना उत्तर म्हणून लिहीत आहोत.

परळच्या चाळीतली ती एकच खोली, पहाटे उठवणारे रामजीबाबा, मिणमिणता दिवा आणि त्यापुढे बसलेला भीमराव हे चित्र आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत आहे. ते खरे आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या दिव्यापाशीच गोष्ट थांबवणे ही लबाडी आहे. तो मुलगा पुढे मोठा झाला, जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री म्हणून बसला आणि १९४६ पर्यंत ते खाते त्याने सांभाळले. त्या खात्यात पाटबंधारे आणि वीज हे विषय होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणासाठी नेमलेल्या समितीपुढे बाबासाहेबांनी अध्यक्ष म्हणून मांडणी केली. वीज स्वस्त हवी आणि मुबलक हवी, तिच्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत, आणि उद्योगांशिवाय या देशातला माणूस दारिद्र्याच्या चक्रातून सुटणार नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्नही त्यांनी तिथेच टेबलावर ठेवला. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. दामोदर, महानदी, सोन या नद्यांच्या बहुउद्देशीय योजनांची पायाभरणीही त्याच काळातली.

म्हणजे ज्याने दिव्याचा धूर डोळ्यांत घेतला, त्याने सत्ता हाती येताच देशाच्या विजेचे नियोजन हाती घेतले. पुढच्या पोरांनीही धुरातच बसावे, असे त्याला वाटले नाही. मग त्याच्या नावाने भाषण करून अंधाराचे कौतुक करणारे हे लोक नेमके कोणाचे वारस आहेत? स्वतःच्या मुलांना पुण्यात एसी अभ्यासिकेत बसवायचे आणि वस्तीतल्या पोरांना कंदिलाची गोष्ट सांगायची, याला आम्ही आंबेडकरवाद म्हणत नाही.

एका अर्जाची गोष्ट

जिद्दीचा विषय निघालाच आहे तर आमच्या अभ्यासिकेतल्या एका ताईची जिद्द सांगतो. वडील ऊसतोडीला जाणारे. बारावीनंतर लग्न झाले, दोन वर्षांत माहेरी परत आली, मग बाहेरून बी. ए. केले. तीन वर्षे सरळसेवेची तयारी करत होती. एका भरतीची जाहिरात आली. वयोमर्यादेच्या हिशोबाने तिची ही शेवटची संधी होती. अर्जाला लागणारा एक दाखला तिने दीड महिना आधी मागितला होता. तो तिच्या हातात पडला अर्जाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता.

तालुक्याहून शेवटच्या एसटीने ती गावात आली. साडेसात वाजता अभ्यासिकेत बसली. फोटो आणि सही मोजून दिलेल्या केबीत बसवली, दाखला स्कॅन केला, अर्ज अर्ध्यावर आला आणि नऊला वीज गेली. जुन्या लॅपटॉपची स्वतःची बॅटरी दहा मिनिटे टिकते. सोलरची बॅटरी त्याच्या दोन महिने आधी मेलेली. मोबाईलवर प्रयत्न केला, फाईल चढेना. सव्वाबाराला वीज आली. पोर्टल बाराला बंद झाले होते.

आज ती ताई शहरात एका हॉस्पिटलमध्ये कंत्राटी साफसफाईच्या कामाला आहे. आता सांगा, तिच्यात जिद्द कमी पडली की एक युनिट वीज कमी पडली?

"आधीच भरायचा ना अर्ज", "नेट कॅफेत जायचे ना" असे म्हणणारे भेटतात. नेट कॅफे चौदा किलोमीटरवर आहे, तो आठला बंद होतो आणि त्यानंतर परत यायला गाडी नाही. एकट्या मुलीने काय करायचे, हे सांगणाऱ्याने एकदा त्या रस्त्याने चालून दाखवावे.

शेवटचा खांब

आमच्यापासून परळीचे औष्णिक वीज केंद्र तासाभराच्या अंतरावर आहे. राख आमच्या बाजूला आणि वीज दुसरीकडे, हे मराठवाड्याला नवे नाही. पण गावातल्या गावातही एक भूगोल असतो, त्याबद्दल कोणी बोलत नाही.

ट्रान्सफॉर्मर गावात आहे, ग्रामपंचायतीजवळ. तिथून तारा निघतात, वाड्यावरून जातात, बाजारावरून जातात आणि शेवटी आमच्या वस्तीत येतात. वस्ती गावकुसाबाहेर का आहे, हे वाचकाला सांगायची गरज नाही. आता विजेचा नियम असा की, लाईन जितकी लांब आणि वाटेत जोडण्या जितक्या जास्त, तितका शेवटच्या खांबावर दाब कमी. संध्याकाळी गावात सगळे पंखे-मोटारी चालू झाल्या की आमच्याकडे मीटर लावून पाहिले तर कधी १७०, कधी १६० व्होल्ट. ट्यूब लागत नाही, पंखा रेंगाळतो, वायफायचा राउटर बंद-चालू होतो. इंजिनिअर म्हणेल, हा तांत्रिक प्रश्न आहे. आम्ही समाजशास्त्र शिकलो आहोत. आम्ही म्हणतो, ज्या जातीने आम्हाला गावाच्या टोकाला बसवले, तीच जात आता व्होल्टमध्येही मोजता येते.

"तुमच्या वस्तीत आकडे टाकतात म्हणून लाईट जाते", हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकले आहे. आकड्याचे समर्थन आम्ही करत नाही. पण गायरानावर घर आहे म्हणून वर्षानुवर्षे मीटर नाकारायचे आणि मग आकडा टाकला म्हणून चोर ठरवायचे, हा खेळ आम्हाला कळतो. वीज कायदा २००३ चे कलम ४३ वाचा. जागेचा मालक किंवा कब्जेदार अर्ज करू शकतो आणि अर्ज पूर्ण असेल तर एरवी महिन्याभरात वीज द्यायची असते. कब्जेदार हा शब्द कायद्यात आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांना तो माहीत आहे?

जमीन असेल तर पंप, छप्पर असेल तर पॅनेल

आता सगळीकडे सोलर-सोलर चालू आहे. चांगली गोष्ट आहे. पण या योजना कोणाच्या दारातून आत जातात, ते बघा.

सौर कृषिपंपाची योजना आहे. त्यात अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला किमतीच्या ५ टक्केच हिस्सा भरायचा, बाकीच्यांना १० टक्के. सवलत आहे, नाकारत नाही. पण त्याआधी सातबारा हवा. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याला ५ टक्के काय आणि फुकट काय.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली. एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन आणि त्यावर ७८ हजार रुपये अनुदान. पण पॅनेल बसवायला स्वतःचे, पक्के, नावावरचे छप्पर हवे. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याने पॅनेल कुठे लावायचे?

आणि एक गोष्ट तर विक्रेतेही नीट सांगत नाहीत. अनुदानातले छतावरचे सोलर बहुतेक ऑन-ग्रिड असते. ते तुमची वीज लाईनमध्ये पाठवते आणि बिल कमी करते. पण लाईन गेली की तेही बंद पडते. भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते तसेच बनवलेले असते, आणि ते योग्यच आहे. म्हणजे छतावर तीन किलोवॉट असले, तरी बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर तुमचा लॅपटॉप बंदच. ज्याचे बिल मोठे त्याचे बिल वाचवणारी ही योजना आहे. ज्याच्या घरी रात्री नऊला अंधार होतो, त्याचा प्रश्न बिलाचा नाहीच. त्याला साठवलेली वीज हवी. त्याला बॅटरी हवी.

दानाची बॅटरी का मेली

आता थोडे आरशात बघू. सरकारला शिव्या देणे सोपे असते.

आमच्या विहाराला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सोलरचा संच दान मिळाला होता. ३३० वॅटचे एक पॅनेल, १२ व्होल्ट १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, एक इन्व्हर्टर. दात्याच्या नावाची पाटी पॅनेलपेक्षा मोठी. फोटो झाले, हार झाले. बसवणारा माणूस किल्ली देऊन गेला तो परत आला नाही. चौदा महिन्यांत बॅटरी संपली. आम्ही दोष दुकानदाराला दिला. नंतर हिशोब मांडला तेव्हा दोषी आम्ही निघालो.

हिशोब असा. १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास, पावणेदोन युनिटांहून थोडी जास्त. पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे वापरायचे ९०० वॅट-तासच. जयंतीच्या रात्री आम्ही त्याच बॅटरीवर ३०० वॅटचा अ‍ॅम्प्लिफायर सहा तास चालवला. ३०० गुणिले सहा, बरोबर १८००. बॅटरी तळापर्यंत खरडली आणि मग दोन दिवस तशीच रिकामी ठेवली. अशाने आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो, तो मग निघत नाही. डिस्टिल्ड वॉटर घालायचे असते, हे कोणाला माहीत नव्हते. एकाने बोअरचे पाणी घातले. इन्व्हर्टर चोवीस तास चालू. काहीही जोडलेले नसताना तो १५ वॅट खातो. १५ गुणिले २४ म्हणजे ३६० वॅट-तास. पॅनेलची दिवसाची कमाई, सगळी गळती जाता, चांगल्या उन्हात साधारण एक युनिट. त्यातला तिसरा हिस्सा कोणीही न वापरता रोज जळत होता.

बाबासाहेबांच्या नावाने वाजणारा अ‍ॅम्प्लिफायर बाबासाहेबांच्या लेकीचा अर्ज खाऊन गेला. हे लिहिताना आमचा हात थरथरतो, पण लिहिलेच पाहिजे.

दान घेण्यात कमीपणा नाही. पण ज्या वस्तूचे दान घेतले, तिचे ज्ञान घेतले नाही तर ते दान चौदा महिन्यांचे असते. "ते इंजिनिअरचे काम आहे" असे म्हणून आपण हात झटकतो. कोणते काम कोणाचे, हे जन्मावर ठरवणाऱ्या व्यवस्थेशी आपण लढतो आणि गुणाकार-भागाकाराचे काम मात्र दुसऱ्यावर सोडतो.

लॅपटॉप थेट बॅटरीवर

त्या जयंतीच्या डीजेला आमच्या मंडळाने ४० हजार मोजले होते. भाषणानंतर रात्री पोरांची बैठक झाली. वाद झाला, दोघे उठून गेले. शेवटी ठरले की पुढच्या वर्षी डीजे नाही, आणि वर्गणी आत्ताच. त्या ४० हजारांच्या निम्म्याहून कमी पैशात तशीच नवी बॅटरी आली. या वेळी पाटी लावली नाही, वही लावली.

मग आमच्यातल्या आयटीआय झालेल्या एका पोराने मूळ प्रश्न विचारला. लॅपटॉपला मुळात २३० व्होल्टचा एसी लागतच नाही. त्याला १९-२० व्होल्टचा डीसी लागतो. बॅटरी १२ व्होल्टचा डीसी देते. आपण इन्व्हर्टर लावून डीसीचा एसी करतो, मग लॅपटॉपचा अ‍ॅडॉप्टर त्या एसीचा पुन्हा डीसी करतो. दोन्हीकडे मिळून शंभरातले वीस-पंचवीस उष्णतेत जातात. मधले दलाल काढून टाका ना!

आम्ही तेच केले. टाइप-सीवर चार्ज होणाऱ्या दोन लॅपटॉपसाठी गाडीत लावतात तसले ६५ वॅटचे पीडी चार्जर घेतले. गोल पिनेच्या दोन जुन्या लॅपटॉपसाठी १२ चे १९ व्होल्ट करणारे डीसी कन्व्हर्टर घेतले. दिवेही १२ व्होल्टचे डीसी एलईडी लावले.

फरक बघा. चार लॅपटॉप, प्रत्येकी सरासरी ३५ वॅट, तीन तास, म्हणजे ४२० वॅट-तास. नऊ वॅटचे तीन दिवे तीन तास, म्हणजे ८१. थेट डीसीवर, कन्व्हर्टरची गळती धरून, बॅटरीतून जातात साधारण साडेपाचशे. इन्व्हर्टर दिवसभर चालू ठेवून हेच काम केले तर हजाराच्या आसपास, म्हणजे पॅनेलची पूर्ण दिवसाची कमाई. तेच पॅनेल, तशीच बॅटरी, पण आता ढगाळ दिवसासाठीही काही शिल्लक राहते.

करणाऱ्यांसाठी चार सूचना. लॅपटॉप थेट बॅटरीला कधीही जोडू नका, मध्ये चार्जर किंवा कन्व्हर्टर हवाच. लॅपटॉपच्या खाली लिहिलेला व्होल्ट आणि पिनेचे प्लस-मायनस तपासा, १९, साडे-एकोणीस आणि २० यांत घोळ नको. बॅटरीच्या प्लसला लागूनच फ्यूज बसवा. वायर जाड आणि आखूड ठेवा, कारण १२ व्होल्टवर ६५ वॅटला सहा अँपिअर लागतात, चार लॅपटॉपला चोवीस. बारीक वायर तापते आणि विहाराला आग लागू शकते.

एकट्या विद्यार्थ्याला खोलीवर करायचे असेल तर १२.८ व्होल्ट २० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी, त्याच जातीच्या बॅटरीला चालणारा चार्ज कंट्रोलर आणि १०० वॅटचे पॅनेल पुरते. २५६ वॅट-तासांतून हाती साधारण दोनशे येतात. ३५ वॅटचा लॅपटॉप साडेपाच तास चालतो. पॅनेल पत्र्यावर बांधता येते, खोली सोडताना सोबत नेता येते. सातबारा लागत नाही.

ही वेगळी विहीर तर नव्हे?

आमच्या एका जुन्या साथीदाराने यावर आक्षेप घेतला, आणि तो साहेबांच्या टाळ्यांपेक्षा मोलाचा आहे. तो म्हणाला, "वीज देणे सरकारचे काम. तुम्ही वर्गणी काढून बॅटऱ्या घ्यायला लागलात की सरकार म्हणणार, बघा, यांचे भागते. महाडला आपण तळ्यावर गेलो. वेगळी विहीर मागितली नव्हती."

बरोबर आहे. १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह चालत जाऊन ओंजळ भरावी लागली. आज विजेचे तसेच आहे. एप्रिल २०१८ मध्ये देशातले प्रत्येक गाव विजेने जोडले गेल्याची घोषणा झाली. पण २००४ पासूनची व्याख्या बघा. गावात व वस्तीत वीज पोचली, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक ठिकाणी आली आणि दहा टक्के घरांत जोडणी असली की गाव विद्युतीकृत! नंतर घरोघरी मीटर देण्याची सौभाग्य योजनाही झाली. पण मीटर असणे आणि रात्री नऊला दिवा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठराव आहे, ओंजळ रिकामी आहे.

म्हणून आमचे उत्तर असे. बॅटरी ही आमची मागणी सोडून दिल्याची खूण ठरणार असेल, तर ती वेगळी विहीरच. पण मोर्चाला निघालेला माणूस सोबत भाकरी बांधून घेतो, त्याने रेशनचा हक्क सोडला असे होत नाही. अर्जाची तारीख सरकार सुधारेपर्यंत थांबत नाही. तोवर आमच्या पोरी अंधारात वयोमर्यादा ओलांडणार असतील, तर ती तत्त्वनिष्ठा आम्हाला परवडणारी नाही.

आणि भाकरी बांधली तसे आम्ही हत्यारही उचलले आहे. अभ्यासिकेत बॅटरीशेजारी ती वही आहे. वीज कधी गेली, कधी आली, संध्याकाळी सातला किती व्होल्ट होते, रोज कोणीतरी लिहितो आणि सही करतो. तीन महिन्यांच्या नोंदी जोडून आम्ही वीज कार्यालयात निवेदन दिले, जादा ट्रान्सफॉर्मर मागितला. वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेचे दर्जे ठरलेले आहेत, ते पाळले नाहीत तर भरपाईची तरतूद आहे. कलम ४२ प्रमाणे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. ट्रान्सफॉर्मर अजून आलेला नाही. पोच मात्र आली आहे, आणि आता पुढची पायरी मंचाची आहे. तोंडी ओरड "वस्तीवाले नेहमीच बोंबलतात" म्हणून झटकता येते. तारीख, वेळ आणि व्होल्ट लिहिलेली वही झटकता येत नाही. हे आम्ही बाबासाहेबांकडूनच शिकलो. साउथबरो समितीपासून गोलमेज परिषदेपर्यंत त्यांनी रड घातली नाही, पुरावा घातला.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या जयंतीच्या बैठकीत डीजेचा विषय निघायच्या आधी एक विषय तुम्ही काढा. आपल्या विहारात अभ्यासिका आहे का? वीज गेल्यावर ती किती तास चालते? बॅटरीत पाणी कोण घालतो, त्याचे नाव सांगा. वही कुठे आहे, ती दाखवा. वस्तीतल्या किती घरांना मीटर नाही, त्यांचे कलम ४३ चे अर्ज कोण भरणार? एवढी पाच उत्तरे ज्या मंडळाकडे नाहीत, त्याने मिरवणुकीचा मार्ग ठरवायची घाई करू नये.

आणि कोणी पाहुणा माइकवरून कंदिलाची गोष्ट सांगू लागला, तर टाळ्या वाजवू नका. उभे राहा आणि नम्रपणे विचारा, "साहेब, २५ ऑक्टोबर १९४३ ला काय झाले होते, ते सांगता का?"

जय भीम!